गॅस बंद आहे हे माहीत असतं, तरी हात पुन्हा नॉबकडे का जातो? मंत्रचळात मेंदूचं काय होतं

घराला कुलूप लावून तुम्ही जिना उतरलात. शेवटच्या पायरीवर शंका आली, गॅस बंद केला होता ना? परत वर गेलात, नॉब बघितला, बंद होता. पुन्हा कुलूप लावलं, रिक्षा पकडली आणि स्टेशन येईपर्यंत सगळं विसरूनही गेलात.

आता दुसरा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. तोही परत वर जातो, नॉब बघतो, हात लावून बघतो, खाली उतरतो आणि पुन्हा वर येतो. सातव्यांदा, अकराव्यांदा. रोजची लोकल गेली, तिच्या मागचीही गेली. त्याला विचारलंत तर तो स्वच्छ सांगेल, गॅस बंद आहे, मी स्वतः बघितलाय. आपण करतोय ते विचित्र आहे हेही त्याला कळतं. तरी पाय वर वळतात.

अशा वेळी घरचे वैतागून म्हणतात, "अरे, कळतंय ना तुला? मग थांब ना!"

ओसीडीबद्दलचा सगळ्यात साधा आणि रुग्णाला सगळ्यात जास्त लागणारा प्रश्न हाच आहे. कळतं, तर थांबता का येत नाही? गेल्या चाळीसेक वर्षांत मेंदूशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बराच पाठपुरावा केलाय. त्यातून जे हाती लागलं, ते घरच्यांच्या या वाक्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे.

ओसीडी म्हणजे नक्की काय?

ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर हे पूर्ण नाव. मराठीत यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे, मंत्रचळ. आपल्या बोलण्यात चळ लागतो, तो आपण लावून घेत नाही. भाषेनं हे आधीच ओळखलं होतं म्हणायचं.

या आजाराचे दोन भाग असतात. पहिला, नको असताना डोक्यात घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. हाताला जंतू लागले असतील, दार उघडं राहिलं असेल, माझ्यामुळे कुणाला तरी इजा होईल. दुसरा भाग म्हणजे त्या विचारानं आलेली घालमेल शांत करण्यासाठी करावीच लागणारी कृती. धुणं, तपासणं, मोजणं, वस्तू एका रेषेत लावणं. काही कृती बाहेरून दिसतही नाहीत. मनात ठरावीक वेळा देवाचं नाव घेणं, एखादं वाक्य "नीट" होईपर्यंत मनातल्या मनात पुन्हा म्हणणं, हेही त्यातच येतं. कृती केली की थोडा वेळ बरं वाटतं. मग शंका परत येते.

निदान करताना डॉक्टर वेळेचा हिशेब बघतात. या सगळ्यात रोज साधारण तासाभराहून जास्त वेळ जात असेल, किंवा त्यामुळे काम, शिक्षण, नाती बिघडत असतील, तर तो आजार धरला जातो. शंभरातल्या दोन-तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो, असं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलंय. सुरुवात बहुतेकदा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास होते.

त्यामुळे टेबलावरचं पेन सरळ केलं आणि "मला ना जरा ओसीडी आहे" अशी स्टोरी टाकली, तर तो ओसीडी नसतो. नीटनेटकेपणाची आवड असणाऱ्याला पेन सरळ केल्यावर छान वाटतं. मंत्रचळ असलेल्याला ते करून आनंद मिळत नाही, फक्त छळ काही मिनिटांसाठी थांबतो. सोवळ्याचं कडक पालन करणाऱ्या आजीचंही तसंच आहे. तिचे नियम घरातल्या इतरांना माहीत असतात, ते कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे ठरलेलं असतं, आणि पूजा झाली की ती शांतपणे जेवायला बसते. मंत्रचळात नियम रोज वाढत जातात आणि संपण्याची जागाच सापडत नाही.

घाणेरडे, भयंकर विचार आले म्हणजे मी तसा आहे का?

हा मुद्दा इथेच सांगायला हवा, कारण रात्री दोन वाजता गुपचूप मोबाईलवर हेच शोधणारे बरेच असतात.

ओसीडीतले विचार फक्त जंतूंचे नसतात. नवजात बाळाला हातात घेतलेल्या आईच्या मनात "मी याला खाली फेकलं तर?" असं येतं. देवळात उभ्या असलेल्या भाविकाच्या मनात देवाबद्दल शिवी येते. कुणाच्या मनात लैंगिक चित्र येतं, ज्याची त्याला स्वतःलाच शिसारी असते. हे लोक ते कुणालाही सांगत नाहीत. काही जण वर्षानुवर्षं सांगत नाहीत.

१९७८ साली लंडनमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि श्रीलंकेचे पद्मल डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट तपासली. असे विचार निरोगी माणसांना येतात का? उत्तर होतं, येतात, आणि त्यांचा मजकूरही बराचसा तसाच असतो. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा खंडांतल्या १३ देशांमधल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारण्यात आलं. जवळपास ९४ टक्के विद्यार्थ्यांनी आधीच्या तीन महिन्यांत असा किमान एक नकोसा विचार आल्याचं सांगितलं.

म्हणजे विचार येणं हा आजार नाही. बहुतेकांच्या डोक्यातून तो रस्त्यावरच्या गाडीसारखा निघून जातो. ओसीडीत त्याला पुरावा मानलं जातं: "असा विचार आला म्हणजे मी धोकादायक आहे." मग माणूस बाळाला उचलणंच टाळतो, सुऱ्या लपवून ठेवतो. विचार त्याच्या मूल्यांच्या विरुद्ध असतो म्हणूनच तो इतका टोचतो. ओसीडीतला असा विचार म्हणजे तसं करण्याची इच्छा नव्हे, हे डॉक्टर रुग्णाला पहिल्या काही भेटींतच सांगतात. अनेकांना ते ऐकून रडू येतं.

ही कृती स्वतःच्या मर्जीची की मर्जीबाहेरची?

फिट येते तेव्हा हात झटके देतो. तिथे कुणी "थांब ना" म्हणत नाही, कारण ती हालचाल माणसाच्या ताब्यात नाही हे उघड दिसतं. मंत्रचळात तसं नसतं. नळ उघडणारा, साबण घेणारा, बोटांच्या बेचक्या घासणारा हात व्यवस्थित चालतो. माणूस कृती ठरवून करतो. एवढंच नाही, ऑफिसात लोकांसमोर तो काही तास ती दाबूनही धरू शकतो आणि घरी आल्यावर बाथरूममध्ये तासभर घालवतो. "बाहेर जमतं, मग घरी काय होतं?" हा आरोप इथूनच येतो.

स्नायूंच्या पातळीवर बघितलं तर कृती पूर्ण ऐच्छिक आहे. पण कृती सुरू करता येणं आणि ती पुरी झाली असं वाटून थांबता येणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. ओसीडीत घोळ दुसरीत असतो. आपण हात धुताना कधी थांबतो? जंतू मोजून थांबत नाही. "झालं" अशी एक जाणीव होते आणि आपण नळ बंद करतो. ती जाणीव इतकी सहज येते की ती येते हे आपल्याला कळतही नाही. तीच आली नाही तर? डोळ्यांना हात स्वच्छ दिसतात, बुद्धी सांगते पुरे, पण "झालं" वाटत नाही. तुम्ही काय कराल? बहुधा आणखी एकदा धुवाल.

इच्छास्वातंत्र्याबद्दलच्या रील्समध्ये बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग हमखास येतो. लोकांना मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं, तर "आता हलवू" ही जाणीव व्हायच्या आधी काही दशांश सेकंद मेंदूत विद्युत तयारी सुरू झालेली दिसली. त्यावरून "मेंदू आधीच ठरवतो, आपण नावालाच" असा निष्कर्ष फिरवला जातो. तो घाईचा आहे. त्या विद्युत तयारीचा अर्थ काय यावर वाद आहेत, आणि ती निर्णयापेक्षा मेंदूतल्या नैसर्गिक चढउतारांची खूण असू शकते असं २०१२ मधल्या एका महत्त्वाच्या संशोधनात मांडलं गेलं. पण लिबेट यांचंच एक म्हणणं रील्समध्ये येत नाही. ऊर्मी आपोआप आली तरी शेवटच्या क्षणी तिला नकार देण्याची मुभा माणसाकडे राहते, असं ते मानत. ओसीडीच्या रुग्णाची तक्रार नेमकी तिथली आहे. नकार द्यायला त्याला प्रचंड जोर लावावा लागतो, आणि तोही दिवसातून शंभर वेळा.

गोल गोल फिरणारा निरोप

१९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी ओसीडीच्या रुग्णांचे पेट स्कॅन केले. मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो, म्हणजेच किती काम करतो, हे त्यात दिसतं. दोन जागा जास्त तापलेल्या दिसल्या. एक, डोळ्यांच्या खोबणीच्या अगदी वर असलेला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स. दुसरी, मेंदूच्या आत खोलवर असलेलं कॉडेट न्यूक्लियस. नंतरच्या असंख्य अभ्यासांत थॅलॅमस आणि कपाळाच्या मागे मध्यभागी असणारा सिंग्युलेट कॉर्टेक्स हेही भाग या यादीत आले.

हे भाग सुटे नाहीत, ते एका चक्रात जोडलेले आहेत. पुढच्या भागातून निरोप निघतो, खोलवरच्या स्ट्रायेटम नावाच्या केंद्रात जातो (कॉडेट हा त्याचाच हिस्सा), तिथून थॅलॅमसमध्ये आणि परत पुढच्या भागात. अशी अनेक चक्रं मेंदूत समांतर चालतात. काही हालचालींसाठी, काही विचारांसाठी, काही भावनांसाठी.

ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सचं एक काम म्हणजे किंमत लावणं: हे चांगलं, हे धोक्याचं, इथे काहीतरी गडबड आहे. स्ट्रायेटमचं काम गाळणीचं आणि निवडीचं. कुठला निरोप पुढे सोडायचा, कुठला अडवायचा. त्यात दोन मार्ग असतात, एक पुढे ढकलणारा आणि एक आवर घालणारा. ओसीडीत ढकलणारा मार्ग वरचढ होतो अशी प्रमुख मांडणी आहे. "गडबड आहे" हा निरोप गाळला जात नाही, थॅलॅमसमार्गे परत वर येतो, वरचा भाग आणखी जोरात "गडबड आहे" म्हणतो आणि चक्र फिरत राहतं. कृती केली की ते क्षणभर मंदावतं.

स्कॅनमध्ये भाग तापलेला दिसला, म्हणून तोच कारण ठरतो का? नाही ठरत. सतत काळजी केल्यानंही तो तापू शकतो. म्हणून इतर पुरावे महत्त्वाचे ठरले. लहान मुलांना घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर संधिवाती ताप येतो, आणि त्यातल्या काहींना सिडनहॅम्स कोरिया नावाचा हातपाय वेडेवाकडे हलण्याचा आजार होतो. त्यात याच खोल केंद्रांना इजा होते, आणि या मुलांमध्ये मंत्रचळाची लक्षणं जास्त दिसतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या झोपेच्या मेंदूज्वराच्या साथीतून वाचलेल्या रुग्णांतही अशी लक्षणं डॉक्टरांनी नोंदवली होती.

सगळ्यात थेट पुरावा उंदरांनी दिला. २०१३ मध्ये सुसान अहमरी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत ऑर्बिटोफ्रंटल भागाकडून स्ट्रायेटमकडे जाणाऱ्या तंतूंना प्रकाशाच्या साहाय्यानं उत्तेजित केलं. रोज फक्त काही मिनिटं. पहिल्या दिवशी विशेष काही झालं नाही. पण रोज करत गेल्यावर उंदीर स्वतःला जास्त जास्त चाटूपुसू लागले, आणि उत्तेजन बंद केल्यावरही दोन आठवडे ते चालू राहिलं. ओसीडीवर दिलं जाणारं फ्लुओक्सेटिन हेच औषध काही काळ दिल्यावर ते कमी झालं. म्हणजे चक्राला रोज थोडा धक्का देत राहिलं की वागण्यात चळ तयार होऊ शकतो. उंदराला "हात घाण झाले" असा विचार येतो की नाही ते सोडा, पण कृतीपुरतं चित्र स्पष्ट आहे.

चूक झालेली नसताना वाजणारी घंटा

टाइप करताना चुकीचं बटण दाबलं की दाबल्या दाबल्या, स्क्रीनवर अक्षर नीट बघायच्याही आधी, "अरेच्चा" असं होतं. मेंदूचा विद्युत आलेख काढला तर चुकीनंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत एक ठळक लहर दिसते. तिचा उगम मुख्यतः सिंग्युलेट कॉर्टेक्समध्ये असतो. ही मेंदूची चूक सांगणारी घंटा.

विल्यम गेरिंग आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की ओसीडीच्या रुग्णांमध्ये ही घंटा जास्त जोरात वाजते. काम तेच, चूक तेवढीच, पण मेंदूचा "चुकलं!" हा ओरडा मोठा. नंतरच्या अभ्यासांत रुग्णांच्या ज्या भावंडांना ओसीडी नाही त्यांच्यातही ती मोठी दिसली. त्यामुळे ही आजाराची जखम कमी आणि त्याकडे झुकणारी घडण जास्त असावी.

अनेक रुग्ण आपला अनुभव सांगताना भीती हा शब्द वापरतच नाहीत. ते म्हणतात, "नीट वाटत नाही." खुर्ची सरकवली तरी नीट नाही, दार लावलं तरी नीट नाही. न संपणारी घंटा आतून ऐकू येत असेल, तर तिचं वर्णन याहून चांगलं काय करणार?

सवयीचं पेडल

केंब्रिजमध्ये क्लेअर गिलन, ट्रेव्हर रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग "कळतं पण वळत नाही" या म्हणीवर बेतल्यासारखा आहे.

लोकांच्या दोन्ही मनगटांना विजेचा सौम्य पण नकोसा झटका देणारी तार जोडली. पडद्यावर इशारा आला की डावं किंवा उजवं पेडल पायानं दाबायचं, म्हणजे त्या बाजूचा झटका टळतो. थोडा सराव झाल्यावर एका हाताची तार काढून टाकली आणि सांगितलं, आता या बाजूला झटका येणार नाही. रुग्ण आणि निरोगी माणसं दोघांनीही त्या बाजूचं पेडल दाबणं बऱ्यापैकी सोडलं.

मग सराव खूप वाढवला आणि तोच खेळ पुन्हा केला. आता फरक पडला. तार काढलेली डोळ्यांना दिसत होती, झटका येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ओसीडीचे रुग्ण ते पेडल जास्त दाबत राहिले. दाबण्याची ऊर्मीही त्यांना जास्त जाणवत होती.

आपल्या कृती दोन प्रकारे चालतात. एक हेतूनं: हे केल्यानं ते मिळेल, म्हणून करतो. दुसरी सवयीनं: हा इशारा आला की ही कृती, फळ काय याचा हिशेब नाही. बदललेल्या घराऐवजी जुन्या घराच्या रस्त्याला गाडी वळते ती सवयीनं. ओसीडीत तोल सवयीकडे लवकर झुकतो, असा या गटाचा निष्कर्ष आहे. त्यातून त्यांनी एक चमत्कारिक शक्यता मांडली. भीती वाटते म्हणून कृती होते असं आपण धरतो. काही वेळा क्रम उलटा असू शकतो. हात आपोआप कृतीकडे जातो, आणि "मी हे का करतोय?" याचं उत्तर म्हणून मन भीतीचं कारण शोधतं. सगळ्या रुग्णांना हे लागू होईल असं मला वाटत नाही. बाळाबद्दलचा विचार येऊन थरथरणाऱ्या आईची भीती मागाहून जुळवलेली नसते. पण ज्यांना दार चार वेळा का लावायचं याचं कारण स्वतःलाच सांगता येत नाही, त्यांच्यासाठी हे स्पष्टीकरण चपखल बसतं.

ब्रेकचीही तपासणी झालीये. बाण दिसला की बटण दाबायचं, पण मध्येच आवाज आला तर हात थांबवायचा, अशी एक चाचणी असते. ओसीडीच्या रुग्णांना निघालेला हात थांबवायला काही मिलिसेकंद जास्त लागतात, आणि आजार नसलेल्या त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांनाही. हा फरक प्रयोगशाळेत मोजण्याइतकाच आहे. त्यानं एकट्यानं कुणी तासभर नळाखाली उभं राहत नाही. पण जोरात वाजणारी घंटा, सवयीचा उतार आणि किंचित सैल ब्रेक एकत्र आले की गाडी कुठे जाणार हे सांगायला नको.

तपासल्यानं खात्री वाढते, असं तुम्हाला वाटतं ना?

नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी २००३ साली ओसीडी नसलेल्या विद्यार्थ्यांना संगणकावर गॅसची शेगडी चालवायला दिली. चालू करा, बंद करा, तपासा. एका गटानं शेगडीच वारंवार तपासली, दुसऱ्यानं मध्ये दिवे तपासले. शेवटी दोघांना विचारलं, शेवटच्या वेळी कुठले बर्नर तपासले होते?

दोन्ही गटांची उत्तरं सारखीच बरोबर होती. पण वारंवार शेगडी तपासणाऱ्यांना ती आठवण धूसर वाटत होती आणि आपल्या उत्तरावर त्यांचा भरवसा कमी होता. नंतर खऱ्या शेगडीवर केलेल्या प्रयोगातही असंच दिसलं.

कारण समजायला सोपं आहे. एकच गोष्ट वीस वेळा केली की ती यांत्रिक होते, तपशील मनात ठसत नाहीत, विसाव्या वेळेची आठवण बाराव्या वेळेसारखीच असते. आठवण धूसर, म्हणून शंका. शंका, म्हणून आणखी एकदा तपासणं. निरोगी मुलांच्या बाबतीत हे थोड्या वेळात झालं. जो हे दहा वर्षं करतोय त्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास का उरत नाही, हे यातून कळतं. जिना पुन्हा चढणारा तो माणूस विसराळू नाही. तपासण्यानंच त्याची खात्री खाऊन टाकलीये.

मग सुटका कशी होते?

१९६६ साली लंडनच्या एका रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर वेगळाच उपाय केला. ज्याची भीती त्याला सामोरं जायचं, आणि नंतरची धुण्या-तपासण्याची कृती करायची नाही. तोवर असाध्य मानल्या गेलेल्या त्या दोघींमध्ये मोठी सुधारणा झाली. याच पद्धतीला आज एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी म्हणतात. ओसीडीवरच्या मानसोपचारांत सगळ्यात भक्कम पुरावा तिच्याच मागे आहे.

यात जबरदस्ती नसते. रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून पायऱ्या ठरवतात. आधी दाराच्या कडीला हात लावून पाच मिनिटं न धुता बसायचं. घालमेल होते, वाढते, आणि हात न धुताही हळूहळू उतरते, किंवा निदान सोसता येते. मग चप्पल, मग बसचा दांडा. "थांब ना" हे घरचं वाक्य आणि ईआरपी ऐकायला सारखी वाटतील. पण पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं आणि कमरेएवढ्या पाण्यात हात धरून शिकवणं यात जेवढं अंतर आहे तेवढंच इथे आहे.

औषधांमध्ये फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन यांसारखी औषधं आणि जुनं क्लोमिप्रामिन वापरतात. नैराश्यापेक्षा इथे मात्रा बहुधा जास्त लागते आणि फरक कळायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून गोळ्या सोडणारे इथेच फसतात. औषध सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे मानसोपचारतज्ज्ञांनाच विचारून करायचं. उपचारांनी सगळेच पूर्ण बरे होत नाहीत, पण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुग्णांना ठळक फायदा होतो.

१९९२ मध्ये बॅक्स्टर यांच्याच गटानं काही रुग्णांना फ्लुओक्सेटिन दिलं, काहींना वर्तनोपचार, आणि आधी-नंतरचे स्कॅन बघितले. ज्यांना बरं वाटलं त्यांच्या कॉडेटमधली वाढलेली हालचाल दोन्ही गटांत उतरली होती. एका गटानं गोळी घेतली होती, दुसऱ्यानं फक्त वागणं बदललं होतं. हात न धुता बसून राहणं ही शरीरात खोलवर पोहोचणारी गोष्ट आहे, याचा त्या काळात मिळालेला हा मोठा पुरावा होता.

चुकीच्या घंटेचं मात्र वेगळं निघालं. ओसीडी असलेल्या मुलांचा उपचारांआधी आणि नंतर आलेख काढला, तेव्हा लक्षणं कमी होऊनही ती लहर मोठीच राहिलेली दिसली. याचा निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं बरी झाली, घंटा तशीच वाजत होती. ती वाजल्यावर उठून धावायचं नाही, एवढं ती शिकली होती.

काहींना या दोन्ही उपायांचा फायदा होत नाही. त्यांच्यासाठी चुंबकीय उत्तेजनाचा पर्याय आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला ओसीडीसाठी मान्यता मिळाली. अगदीच तीव्र आणि दाद न देणाऱ्या आजारात मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रियाही होते. तिची एक जागा म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लियस, जे हालचालींना ब्रेक लावण्याच्या यंत्रणेचा भाग आहे. पार्किन्सनसाठी तिथे इलेक्ट्रोड बसवलेल्या दोन फ्रेंच रुग्णांना आधीपासून मंत्रचळही होता, आणि तो कमी झाला, हे २००२ मध्ये नोंदवलं गेलं. त्यातून पुढच्या चाचण्या झाल्या.

एक सावधगिरी. इतके स्कॅन वाचून कुणी म्हणेल, मग माझाही एमआरआय काढून बघू. उपयोग नाही. हे फरक शेकडो माणसांच्या सरासरीत दिसतात आणि लहान असतात. एका माणसाचा स्कॅन बघून ओसीडी आहे की नाही सांगता येत नाही. निदान होतं ते बोलून. "ब्रेन मॅपिंग करून ओसीडी पकडतो" अशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा.

घरच्यांनी काय करायचं?

आपल्याकडे घर म्हटलं की सगळेच यात ओढले जातात. आई मुलीसाठी नळ उघडून देते, कारण मुलगी नळाला हात लावत नाही. नवरा ऑफिसला जाताना गॅसचा फोटो काढून पाठवतो. "बंद आहे ना?" याचं उत्तर रात्री पंधरा वेळा दिलं जातं. हे सगळं प्रेमापोटी होतं आणि त्या क्षणी घरात शांतता येते. पण मेंदूच्या बाजूनं बघितलं तर नातेवाईकच कृतीचा भाग झालेले असतात. तुमचं पंधरावं "हो, बंद आहे" हे त्याच्या पंधराव्या फेरीसारखंच काम करतं.

याच्या उलट टोक म्हणजे एका दिवसात सगळं तोडणं, साबण लपवणं, ओरडणं, नाटकं करतोस म्हणणं. त्यानं घंटा आणखी जोरात वाजते.

ईआरपी करणारे थेरपिस्ट म्हणून घरच्यांनाही सोबत बसवतात. रुग्ण शांत असताना त्याच्याशी बोलून ठरवायचं की या आठवड्यात उत्तर पंधराऐवजी पाच वेळा मिळेल, मग दोन वेळा, मग एकदा. त्यापुढे विचारलं तर उत्तराऐवजी एक ठरलेलं वाक्य: "तुला आत्ता खूप त्रास होतोय हे दिसतंय. याचं उत्तर न देता आपण दहा मिनिटं बसू." आणि खरंच शेजारी बसायचं. भारतात केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. कुठल्या डॉक्टरकडे जायचं इथपासून विचारलेलं चालतं. फोन रुग्णानंच करायला हवा असं नाही, आईनं केला तरी चालतो.